अ‍ॅग्नेस डब्ल्यू. हिच्यासाठी

गाडी धावत असेल तेवढा वेळच बोलायचं, असा नियम आहे.

नियम कुणी केला ते आता कुणाला आठवत नाही. रविवारी संध्याकाळी आठ वाजता सार्वजनिक वाहिनीवर इंग्लंडची मालिका लागते, आणि प्रत्येक भागात कधी ना कधी घोडागाडी रस्त्याने धावते. दोन्ही बाजूंना झाडं, धुकं, लांबवर एक मोठं घर, मागे व्हायोलिनं. वीस सेकंद, फार तर पंचवीस. तेवढ्यात आम्ही सात जणी सगळं बोलून घेतो. गाडी थांबली, पायरी खाली आली, बुटाचं टोक दिसलं की बोलणं बंद. वाक्य अर्धं राहिलं तर पुढच्या गाडीपर्यंत तोंडात धरून बसायचं. सिस्टर क्लोथिल्डनं एक वाक्य एकदा पुढच्या रविवारपर्यंत धरलं होतं.

ही खोली पूर्वी नवशिक्यांच्या, म्हणजे सिस्टर व्हायला नव्यानं आलेल्या मुलींच्या, वर्गाची. आता मठात नवशिक्या नाहीत. आम्ही एकोणीस जणी आहोत आणि सगळ्यांत धाकटी मी, कोरीन. मला सहासष्टावं चालू आहे, तरी मला पोरगीच म्हणतात. मी नर्स आहे, म्हणून बाकीच्यांच्या गोळ्या, गुडघे आणि रक्तदाब माझ्याकडे.

खुर्च्यांना क्रम आहे. जी मठात आधी आली ती पुढे. चर्चमध्ये तसंच बसतो, जेवायला तसंच बसतो. टीव्हीसमोर तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण बसलो. पहिली सिस्टर हेडविग, वय ब्याण्णव. दुसरी सिस्टर लिओबा, अठ्ठ्याऐंशी. मी शेवटी, दाराजवळ, कारण वारा सुटला की अँटेना हलवायला मलाच उठावं लागतं.

मालिका सुरू व्हायच्या आधी निवेदक म्हणतो, हा कार्यक्रम तुमच्यासारख्या प्रेक्षकांमुळे शक्य झाला, आपले आभार. हेडविग दर रविवारी त्याला म्हणते, "असू दे, असू दे."


दुरुस्त्या, गाडी धावत असताना केलेल्या

हेडविग, चाळीस वर्षं मठाच्या धोबीखान्यात: ती इस्त्री थंड आहे. गरम इस्त्री कुणी गालाजवळ नेत नाही.

क्लोथिल्ड, गोठ्यात वाढलेली: गायीच्या कानाला बिल्ल्याचं भोक आहे. अठराशे बावीस साली बिल्ले कुठले?

हेडविग: आणि ती कॉलर दुकानातली आहे. खळ दिलेली कॉलर मानेला कापते. मान वळवायची नाही, सगळं अंग वळवायचं. ती बघ, मान वळवली.

लिओबा, एकेचाळीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास: काही नाही. लिओबा कधीच चूक काढत नाही. "जन्मभर लाल पेन हातात धरलं," ती म्हणते. "आता मला बघू दे."


या बायका एवढ्या तन्मयतेनं काय बघतात, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी मठात आले एकाहत्तर साली. तेव्हा चर्चमध्ये गिटार वाजत होती आणि अर्ध्या जणींनी झगा सोडून कार्डिगन घातलं होतं. पण हेडविग, लिओबा, क्लोथिल्ड आल्या त्या वेळचा मठ वेगळा होता. दारावर टकटक करून आतून शब्द येईपर्यंत उभं राहायचं. भिंतीच्या कडेनं चालायचं. हात बाहीत. आईचं पत्र आधी प्रमुख वाचणार, मग तुम्ही. मीठ हवं असेल तर मागायचं नाही, शेजारणीला दिसेल अशी वाट बघायची. म्हणजे सदुसष्ट सालापर्यंत या बायका एकोणिसाव्या शतकातच राहत होत्या, आणि मग एका उन्हाळ्यात चर्चनं नियम बदलले आणि त्यांना सांगण्यात आलं की ते संपलं.

पडद्यावर एक बाई हातमोजा काढते. पूर्ण एक मिनिट ती तेच करते. समोरचा पुरुष खिडकीतून बाहेर बघतो. कुणी बोलत नाही. माझ्या भाचीला दाखवलं तर ती म्हणाली, मावशी, यात काही घडतच नाही. हेडविगला मात्र त्या मिनिटात काय काय घडतं ते सगळं वाचता येतं. तिनं असं मिनिट स्वतः काढलेलं आहे. आणि जे लोक ही मालिका करतात, त्या एवढ्या लांबच्या तरुण माणसांनी, मेणबत्तीच्या उजेडात, घाई न करता, ते मिनिट तिला परत आणून दिलंय. मला वाटतं, माणसाचा एवढा मान राखणारं दुसरं काही टीव्हीवर नाही.


गेल्या भागात

या हिवाळ्यातली मालिका हल नावाच्या बंदरातली. तिचं नाव लांबलचक आहे. आम्ही नुसतं 'बोट' म्हणतो. अ‍ॅग्नेस विदरबीचा नवरा देवमाशांच्या शिकारीला उत्तरेला गेलाय, एप्रिलमध्ये. ऑक्टोबरात बाकीच्या बोटी परतल्या, त्याची नाही. अ‍ॅग्नेसला आठवा महिना. (एप्रिल ते नोव्हेंबर. हेडविग दर रविवारी बोटांवर मोजते आणि समाधानानं मान हलवते.) सासरा पांढऱ्या केसांचा, ताठ, जेवताना सुनेकडे बघत नाही. चौथ्या भागाच्या शेवटी तो तिला म्हणाला की महिनाअखेर तिनं माहेरी जावं, हे घर आता बंद करायचं आहे. ती म्हणाली, "जशी आपली इच्छा." मग तिनं सूप पुढे केलं. त्याला.

एक थेंब सांडला नाही. आम्ही सातही जणी ते बघत होतो.


प्रार्थनेच्या वहीतून, दुसऱ्या दिवशी, सोमवार

*लेरॉय एफ., मूत्रपिंड.*

*एक आई, नाव सांगत नाही, मुलगा दारू पितो.*

*अ‍ॅग्नेस डब्ल्यू. आठवा महिना. नवरा एप्रिलपासून बोटीवर, पत्र नाही, बरोबरच्या बोटी परत आल्या. सासरा घर सोडायला सांगतो. तिला धीर मिळो आणि तो सुखरूप येवो.*

*डोलोरेसचं कुत्रं.*

मठाचा एक फोन फक्त प्रार्थनेसाठी आहे. लोक करतात, अडचण सांगतात, आम्ही वहीत लिहितो आणि सायंप्रार्थनेत ती नावं वाचतो. दुपारी दोन ते चार फोनवर लिओबा बसते. बारा वर्षं बसते आहे. तिचा आवाज ऐकला की लोकांना शाळेतल्यासारखं खरं बोलावंसं वाटतं.

त्या आठवड्यात वाचायची पाळी माझी होती. वही उघडली, लेरॉय झाला, आई झाली, आणि "आठवा महिना" या शब्दांशी मला कळलं. मी थांबले नाही. सरळ, स्पष्ट, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. वर बघितलं तर हेडविग आपल्या पुस्तकात बघत होती, क्लोथिल्ड छताकडे. मग सगळ्या एका सुरात म्हणालो, प्रभू, आमची प्रार्थना ऐक.

आमची प्रमुख सिस्टर मार्लीन. ती रविवारी हॉकीचा सामना बघते. तिच्या लक्षात आलं नाही.


वहीतली नावं चर्चच्या साप्ताहिक पत्रकातही छापतात, ते मंगळवारी निघतं. त्याच गुरुवारी गावातली व्हेर्ना कुंकल दारात उभी. हातात टॉवेलात गुंडाळलेली हॉटडिश, खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे, अजून फसफसणारी. काखेत पिशवी.

"ही त्या अ‍ॅग्नेसला," ती म्हणाली. "कुठं राहते ते तुम्ही सांगणार नाही, ठाऊक आहे, तुमचा नियम. पण पोचवाल ना? आठव्या महिन्यात बाईनं उभं राहून रांधू नये. आणि हे बाळाला."

पिशवीत पांघरूण होतं. पिवळं आणि पांढरं, मधे बदकं. शिवणमंडळाच्या सहा बायकांनी दोन दिवसांत शिवलेलं. व्हेर्नाचा नवरा डेल्बर्ट पूर्वी नौदलात होता. त्यानं विचारलंय, बोटीचं नाव काय? त्याचे जुने मित्र आहेत, ते चौकशी करतील.

खरं सांगायची ती वेळ होती. उणे बावीस तापमान, दार उघडं, व्हेर्नाच्या चष्म्यावर वाफ. मी हॉटडिश घेतली. पांघरूण घेतलं. बोटीचं नाव माहीत नाही असं म्हणाले. ते खोटं होतं. 'कॉन्स्टन्स', आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

हॉटडिश आम्ही खाल्ली. ती थोडीच ठेवता येते. पांघरूण मी कार्यालयातल्या खुर्चीवर ठेवलं, आणि ते मार्लीनला सापडलं.


तपासणीचा तक्ता, रकाने भरले: सिस्टर कोरीन

हा तक्ता महिनाभर माझ्या टेबलावर पडून होता. लिओबाची किटली दोनदा कपाटात सापडली होती. एका रविवारी पाठ असलेल्या स्तोत्राच्या मधे ती थांबली, बाकीच्या पुढे गेल्या आणि ती तिथेच राहिली. दोन तासांच्या अंतरावर विस्मरण झालेल्या सिस्टरांचं एक घर आहे. चांगलं घर आहे, स्वच्छ, प्रेमळ. तिथे साडेसहाला सगळ्यांना झोपवतात. एक जागा रिकामी झाली होती, आणि हवी की नको ते मंगळवारच्या आत कळवायचं होतं. पांघरूण सापडल्यावर मार्लीन म्हणाली, आता तपासणी कर, आजच कर.

*आज कोणतं वर्ष आहे?*
"आठच्या आधी की आठनंतर?"
(ही चेष्टा आहे, असं मी समासात लिहिलं. मग खोडलं. रकान्यात चेष्टेला जागा नाही.)

*आपण कुठे आहोत?*
"सत्तर वर्षं जिथे आहोत तिथेच. तुला बरं नाही का, पोरी?"

*शंभरातून सात वजा करत जा.*
"त्र्याण्णव. शहाऐंशी. शहाऐंशीला मी पडले होते. तू प्लास्टर घातलंस." तिथेच थांबली.

*तीन शब्द पाच मिनिटांनी सांगा: सफरचंद, टेबल, नाणं.*
"सफरचंद." बराच वेळ गेला. "बाकीचे दोघं बाहेर गेलेत."

ती हसत होती. मी पेन खाली ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग तीही हसायची थांबली, कारण तिला तक्ते कशाला असतात ते ठाऊक होतं. तिनं स्वतः जन्मभर तेच केलं होतं.

"कुठं पाठवणार आहेत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.


मार्लीनच्या खोलीत आम्ही तिघी. टेबलावर पांघरूण, बदकं वर.

मार्लीन त्रेसष्ट साली लिओबाच्या वर्गात होती. त्यामुळे ती प्रमुख असली तरी लिओबाला अहो-जाहो करते, आणि लिओबा तिला अगं म्हणते. मार्लीननं शांतपणे विचारलं की ही अ‍ॅग्नेस कोण. लिओबा म्हणाली, हलच्या एका कप्तानाची बायको. तिनं फोन केला होता का? लिओबा म्हणाली, फोन कुठला तिच्याकडे, साल अठराशे बावीस.

मार्लीननं माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "ती खरी नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"मार्लीन, ती नटी आहे. मागच्या हिवाळ्यात तिनंच काकाला विष घातलं होतं, दुसऱ्या मालिकेत. तेव्हा मी तिच्यासाठी काही लिहिलं नव्हतं."

मला हसू फुटलं. मार्लीनच्या ओठाचं टोकही हललं. झालं, मला वाटलं, सुटलो.

मग का लिहिलं, असं मार्लीननं विचारलं. लिओबा पांघरुणाकडे बघत बोलली. ती म्हणाली, इंग्लंडची ती वर्षं मी तुम्हाला शिकवली. गिरण्या, दिवे, यंत्रांना लागणारं तेल. किती बोटी उत्तरेला गेल्या, किती पिंपं आली, किती बोटी बर्फात राहिल्या.

"तुम्ही आकडे पाठ करून घेतले होते," मार्लीन म्हणाली.

"घेतले. आणि चुकलीस तर मार्क कापले. बर्फात राहिलेल्या प्रत्येक बोटीवर चाळीस-पन्नास माणसं असतात, म्हणजे बंदरात तेवढ्या बायका असतात, हे मी एकेचाळीस वर्षांत एकदा म्हटलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. मग या लोकांनी एक बाई खिडकीत उभी केली, तिच्या हातात सूप दिलं, आणि मला दिसलं. त्या सगळ्या मेल्या, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. कुणी त्यांच्यासाठी प्रार्थना केली असेल का? देवाकडे काही अठराशे बावीस आणि आज असं नसतं. मला एक नाव मिळालं, ते मी लिहिलं."

मी चाळीस वर्षांहून जास्त काळ प्रार्थना करते आहे. इतकं चांगलं कारण मी ऐकलं नव्हतं. मार्लीननंही ऐकलं नसावं. तिनं चष्मा काढला. तक्ता तिच्या हाताखाली होता. तो तिनं थोडा बाजूला सरकवला. लिओबा तिथे उठली असती तर सगळं तिथेच संपलं असतं.

ती उठली नाही.

"खरं सांगू का," ती म्हणाली. "हे मी आत्ता बोलले ना, ते मला नंतर सुचलं. लिहिताना नाही."

मार्लीननं चष्मा पुन्हा लावला.

"लिहिताना मला कळेना, मार्लीन. ती बाई मी पाहिली होती, की तिचा फोन आला होता. रिसीव्हर हातात होता. तिचा आवाज आठवत होता. मी बराच वेळ बसले. मग म्हटलं, लिहून टाकू. नसलीच, तर देवाला दोन ओळी जास्त. पण असली, आणि मी लिहिलं नाही, तर?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

मार्लीननं तिला चहा घ्यायला पाठवलं. दार लागल्यावर ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि मला म्हणाली, झालं तेच लिही. मी म्हटलं, झालं तेच लिहिलं तर तिला जावं लागेल. ती म्हणाली, माहीत आहे.


शुक्रवारी मार्लीन स्वतः गाडी काढून कुंकलांच्या घरी गेली, पांघरूण परत करायला आणि क्षमा मागायला. परत आली ती पांघरूण घेऊनच. व्हेर्ना म्हणाली की ते जिल्ह्याच्या इस्पितळात द्या, तिथे रोज कुणी ना कुणी अ‍ॅग्नेस असतेच. डेल्बर्टला वाईट वाटलं. त्यानं दोघांना पत्रं पाठवली होती. आणि मार्लीन निघताना, बूट घालत असताना, व्हेर्नानं विचारलं, "पण मग बोट येते का?"

मार्लीनला सांगता आलं नाही. आम्हाला वाटतं, म्हणूनच ती त्या रविवारी आली.


पाचवा भाग. गाडी धावते आहे

"ती बसलेली कोण?"

"तीच अ‍ॅग्नेस."

"आणि हा पांढऱ्या केसांचा?"

"सासरा. त्याला आडवं पाडायला हवं."

"हेडविग."

"मी मनातल्या मनात म्हणाले. तुम्ही ऐकलंत."

"दिवस बरोबर—"

"एप्रिल ते नोव्हेंबर. मोजलेत. गप्प, थांबली."


मार्लीनची खुर्ची क्रमानं माझ्या अलीकडची. ती पाठ न टेकता बसली होती, सभेत बसते तशी.

त्या भागात अ‍ॅग्नेस पहाटे उठते, कारण बाळ लाथा मारतं. खिडकीशी येते. खाली धक्क्यावर एक माणूस कंदील घेऊन उभा आहे. बर्फ पडतंय. माणूस हलत नाही. ती बघत राहते, आणि हळूहळू, फार हळूहळू, कॅमेरा पुढे न नेता, ते आपल्याला कळू देतात की तो सासरा आहे. नुकता आलेला नाही. त्याच्या खांद्यावरचं बर्फ बोटभर जाड आहे. तो रोज येतो.

नाश्त्याच्या वेळी तो नेहमीसारखा तिच्याकडे बघत नाही. तिनं पाहिलंय हे त्याला माहीत नाही. ती त्याच्या बशीजवळ लोणी सरकवते, एरवीपेक्षा अर्धा इंच जास्त जवळ.

बस. एवढंच. पंधरा मिनिटं यावर कुणी संवाद लिहिला असता. त्यांनी लोणी सरकवलं.

भाग संपला, पडद्यावर नावं वर जाऊ लागली. आम्ही एरवी लगेच उठतो, गुडघे वाजवत. त्या दिवशी मार्लीन उठली नाही, म्हणून कुणीच उठलं नाही. मग तिनं पुढे वाकून लिओबाला विचारलं, "बोट येते का?"

"मला काय माहीत," लिओबा म्हणाली. "पुढच्या रविवारी."

त्या घडीला त्या खोलीत पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. हेडविगला नाही, मला नाही. लिओबा आमच्यातलीच एक होती.


सोमवारी सभा भरली. आमच्या संतांच्या नियमात लिहिलंय की महत्त्वाच्या गोष्टीत सगळ्यांचं मत घ्यावं, कारण जे बरं आहे ते देव पुष्कळदा सगळ्यांत धाकट्याला दाखवतो. म्हणून आमच्याकडे बोलायला सुरुवात धाकटीपासून होते. पंचेचाळीस वर्षं मीच आधी बोलते आहे. इतकी वर्षं ते सोपं होतं. छताचं, बागेचं, नव्या भट्टीचं.

लिओबा नव्हती. जिच्याबद्दल बोलायचं ती बाहेर बसते.

मी तक्ता वाचला, जसा होता तसा. गोंधळ होतो. काय पाहिलं आणि काय घडलं यातला फरक कधी कधी कळत नाही. हे वाढत जाईल. शेवटचा प्रश्न होता, ही व्यक्ती आहे तिथे सुरक्षित आहे का? तो रकाना मी कोरा ठेवला होता. मी म्हटलं, हे उत्तर एकटीनं देता येणार नाही, कारण ते आपण काय करतो त्यावर आहे. फोनवर दोघींनी बसावं, एकीनं ऐकावं, एकीनं लिहावं. दुसरी मी बसेन. तिच्या शेजारच्या खोलीत मी राहायला जाईन. माझी झोप सावध आहे. माझे गुडघे किती वर्षं टिकतील ते सांगता येत नाही, तेव्हा कायमचं वचन देत नाही. या वर्षाचं देते.

क्लोथिल्ड म्हणाली, जानेवारीत दार उघडून बाहेर गेली तर? सकाळी सापडेल ती कडक झालेली. कुणीतरी हे बोलायला हवंच होतं, आणि क्लोथिल्ड लिओबाच्या शेजारी साठ वर्षं बसत आलीय. मी म्हटलं, दाराला घंटा लावू. ती म्हणाली, गोठ्यातली जुनी माझ्याकडे आहे, पण घंटेनं फक्त कळतं, थांबत नाही. खरं होतं. हेडविग म्हणाली, तिला पाठवलं तर ती सुरक्षित राहील, पण नेमकी कोण सुरक्षित राहील ते मला समजत नाही. एक जण म्हणाली की आपण स्वतःच्या समाधानासाठी तिला धोक्यात घालतोय. तिचंही कुणी खोडून काढलं नाही.

मत घेवड्याच्या बियांनी देतो, पांढरी किंवा काळी. मार्लीननं वाटी उपडी केली. तेरा पांढऱ्या, पाच काळ्या. काळ्या कुणाच्या ते मी विचारलं नाही. त्या चुकीच्या होत्या असंही मला वाटत नाही.

मी बाहेर जाऊन लिओबाला सांगितलं. ती बाकावर कोट घालून बसली होती, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मांडीवर पाकीट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग एकेक बटण सोडायला लागली. वरून खाली, सावकाश. मी मदत केली नाही. मला तेवढं बघून बघून कळायला लागलं होतं.


आता उन्हाळा लागलाय. 'बोट' फेब्रुवारीत संपली. त्यानंतर दोन मालिका येऊन गेल्या, एक पाद्रीणबाईंची आणि एक शोध लावणाऱ्या डॉक्टरची, दोन्ही चांगल्या. लिओबा आठ वाजता आपल्या खुर्चीवर असते. बघताना तिचं काही चुकत नाही. जे समोर चाललंय ते तिला आमच्याइतकंच कळतं. उलट जास्त. पण रविवार उलटला की पुसून जातं.

म्हणून रविवारी पाच वाजता मी तिच्या खोलीत जाते आणि गेल्या भागात काय झालं ते सांगते. तिला हवी असते 'बोट'च. पहिल्या पहिल्यांदा पाच मिनिटं पुरायची. आता सुरुवातीपासून सांगावं लागतं, तास जातो. ती अ‍ॅग्नेसला दर रविवारी पहिल्यांदा भेटते. सासऱ्यावर दर रविवारी चिडते. मग कंदील येतो, आणि तिचा चेहरा असा काही होतो की मी तो बघण्यासाठी तिथे बोलायची थांबते. मला तिचा हेवा वाटतो, हे मी पापनिवेदनात सांगितलंय. फादर म्हणाले, हे कुठल्या यादीत बसतं ते बघावं लागेल.

मागच्या रविवारी मला घाई होती. हेडविगच्या पायाचं बँडेज बदलायचं होतं, साडेपाच वाजत आले होते. मी लोणी गाळलं, पहाट गाळली, सरळ शेवटावर आले. आणि मग सकाळी धक्क्यावर आरडाओरडा झाला, मी म्हटलं, आणि बोट आली, तुटकी, एका डोलकाठीवर, पण आली.

लिओबानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू सांग, पोरी," ती म्हणाली. "आपल्याला कुठं जायचंय?"

"कुठंच नाही," मी म्हटलं, आणि एप्रिलपासून पुन्हा सुरुवात केली.